अकराचा भोंगा

मोहोळकर बाबू आमच्या दारात आले तेव्हा मी ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. गिरणीच्या सुट्टीचा दिवस होता. आण्णा आत खाटेवर आडवे झाले होते आणि आई चुलीपुढे भाकरी थापत होती. कोट-धोतरातला माणूस आमच्या गल्लीत सहसा यायचा नाही, त्यामुळे बाबूंच्या मागे गल्लीतली चार पोरं आणि एक कुत्रं असा सगळा लवाजमा आला होता.

"हणमंतराव आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

आमच्या आण्णांच्या नावाला 'राव' लागलेलं मी दीड वर्षात ऐकलं नव्हतं. मी चिंचेचे हात तसेच परकराला पुसले आणि आत जाऊन आण्णांना उठवलं.

मोहोळकर बाबू गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लांब पाकीट काढलं, पण ते आण्णांच्या हातात दिलं नाही. आण्णांना वाचता येत नव्हतं आणि ते बाबूंना ठाऊक होतं. ते खाटेच्या कडेवर बसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"कामगार हणमंत ज्योती जगदाळे, बॉयलर खाते, यांस कळविण्यात येते की, चौकशीअंती टाइम ऑफिसातील घड्याळ मागे राहत असल्याचे आढळून आले आहे." इथे ते थांबले आणि चष्म्यावरून आण्णांकडे बघून म्हणाले, "राहत होतं असं लिहिलंय. ठेवत होते असं आपण समजायचं." मग पुन्हा वाचू लागले. "सदर कामगाराने भोंगा त्या घड्याळाबरहुकूमच दिला असून, झाल्या विलंबाबाबत तो सर्वस्वी निर्दोष आहे. सबब त्यास उद्यापासून पूर्ववत भोंग्याचे काम देण्यात येत आहे."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीतच राहिली. आण्णा म्हणाले, "बाबू, ती मधली ओळ पुन्हा एकदा वाचा."

बाबूंनी वाचली. "सर्वस्वी निर्दोष आहे."

"बरं," आण्णा म्हणाले.

त्या 'बरं'मागे काय होतं हे कळायला आमच्या गावात भोंगा म्हणजे काय होतं ते आधी सांगायला हवं. आज मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, माझ्या घरात भिंतीवर एक, मनगटावर एक आणि नातवाच्या फोनात एक अशी तीन घड्याळं आहेत, आणि तिन्हीत वेळ वेगळी असते. तेव्हा सगळ्या गावाला मिळून एकच वेळ होती आणि ती आमच्या आण्णांच्या हातात होती. बॉयलरशेजारी एक साखळी लोंबत असायची. समोरच टाइम ऑफिसची खिडकी, खिडकीत मोठं घड्याळ. घड्याळात वेळ झाली की आण्णा साखळी ओढायचे आणि धुराड्याशेजारचा भोंगा साऱ्या गावावर ओरडायचा. सकाळी सहाला उठायचा, सातला कामावर जायचा, अकराला सुट्टीचा, साडेतीनला पाळी सुटायचा. सहाच्या भोंग्याला बायका चूल पेटवायच्या. सातच्या भोंग्याला शाळेचा शिपाई झाडू हातात घ्यायचा. आमच्या पलीकडची एक म्हातारी अकराच्या भोंग्याला औषधाची गोळी घ्यायची, आणि गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी तिची गोळी चुकायची. मनगटी घड्याळवाले गावात पाच-सहा जण होते, तेही भोंगा झाला की आपले काटे फिरवून घ्यायचे.

आण्णांना त्याचा फार अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण बाजारात कुणी "काय हणमंतराव, आज भोंगा जोरात होता" म्हटलं की मिशीतल्या मिशीत हसायचे. मला गल्लीतल्या बायका 'भोंग्याची वच्छी' म्हणायच्या. मला ते आवडायचं.

शेवंता माझी जिवाभावाची मैत्रीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचे वडील म्हणजे निवृत्तीतात्या. तात्या त्याच गिरणीत मागावर होते आणि आण्णांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघं एकाच दिवशी गिरणीत लागले, एकाच तंबाखूच्या पिशवीतून खायचे. शेवंताचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरातही आमच्याच मुलीचं ठरल्यासारखी गडबड उडाली. नवरामुलगा लांबच्या एका तालुक्याला कचेरीत कारकून होता. मुहूर्त होता अकरा वाजून सात मिनिटांचा. आण्णांची नेमकी त्या दिवशी पाळी, आणि साखळी दुसऱ्याच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. तात्या रुसले तेव्हा आण्णा म्हणाले, "आरं, पोरीच्या लग्नात माझा आहेर म्हणजे भोंगा. असा देतो बघ, वऱ्हाड दचकलं पाहिजे."

आणि तसा दिला त्यांनी. मी मांडवात शेवंताच्या मागे करवली म्हणून उभी होते. भोंगा झाला तो नेहमीच्या दुप्पट लांब. सगळा मांडव हसला, तात्यांचे डोळे भरले. आमच्या गावच्या गुरुजींचा मुहूर्ताचा हिशेब भोंग्यावरूनच चालायचा. त्यांनी भोंग्यापासून सात मिनिटं मोजली आणि अंतरपाट धरायला सांगितला. वरपक्षाकडचा कुणी एक पाहुणा मनगट पुढे करून सांगत होता, "गुरुजी, अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली. तुमचा मुहूर्त गेला." गुरुजी म्हणाले, "तुमचं घड्याळ पुढं असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात भोंग्यापुढे घड्याळाचं कोण ऐकणार. दुपारी पाळी संपवून आण्णा तसेच काळ्या हातांनी मांडवात आले आणि पंगतीत तात्यांनी त्यांना स्वतःच्या हातानं जिलबी भरवली.

पाच महिन्यांनी शेवंता एक पत्र्याची पेटी घेऊन माघारी आली. नवऱ्याचं दुसरं घर होतं. आधीपासूनचं, एका मुलासकट.

तात्या पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांच्या मनानं मुहूर्ताचा शोध सुरू केला. कुणाला तरी आठवलं, अक्षता पडत होत्या तेव्हाच छोट्या गाडीची शिट्टी झाली होती. छोटी गाडी आमच्या स्टेशनातून अकरा वीसला सुटायची आणि तेव्हा ती वेळेची पक्की होती. म्हणजे अक्षता सातला नाही, वीसला पडल्या. म्हणजे भोंगा उशिरा झाला. गंमत अशी, की त्याआधी दोन-तीन महिने सगळं गाव कुरकुरत होतं की गाडी हल्ली लवकर सुटते. दोघं-तिघं तर स्टेशनमास्तरांशी भांडूनही आले होते. भोंगा चुकत असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते तात्यांच्या डोक्यात आलं, आणि आलं ते बसूनच राहिलं.

एका सकाळी पाळी आत जात असताना गिरणीच्या फाटकात, चारशे माणसांसमोर, तात्यांनी आण्णांना अडवलं. "हणमंता, माझ्या लेकीचा संसार तू बुडवलास."

आण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "मी घड्याळ बघूनच ओढला, निवरत्ती." तेवढंच बोलले, आणि पुढे दीड वर्षात त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

गिरणीनं मात्र संधी साधली. भोंगा उशिरा झाला हे गावभर झालंच होतं. मग त्याला कुणीतरी जबाबदार हवं, म्हणून साखळी ओढणारा जबाबदार. आण्णांना भोंग्यावरून काढून बॉयलरखालची राख उपसायला लावलं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. धुतल्या तरी कडांना राख राहायचीच. भोंगा दुसराच कुणीतरी द्यायला लागला, आणि भोंगा झाला की घरातले आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. नळावर बायका माझी घागर मुद्दाम मागे सारायच्या. "भरंल की उशिरानं, यांच्यात उशीर चालतो." मला बघायला येणारं एक स्थळ चहा पिऊन गेलं आणि निरोप आला, वेळ चुकवणाऱ्याच्या घरची सोयरीक नको. दुसरं तर चहालाही आलं नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पण खरं सांगायचं तर स्थळांचं मला एवढं वाईट वाटत नव्हतं. शेवंता चार घरं टाकून राहत होती आणि मी समोर दिसले की ती आत जायची, ते मला सोसत नव्हतं.

आणि आज हा कागद आला होता.

बाबूंनी सगळं समजावून सांगितलं. सकाळी सातच्या भोंग्याला घड्याळ बरोबर असायचं. पाळी आत गेली, की वरच्या साहेबाच्या हुकमानं घड्याळाचा काटा हळूच मागे व्हायचा. आधी एक मिनिट, मग दोन, असं महिन्यामहिन्यानं वाढवत नेलं. कामगार वेळेवर आत यायचे आणि बारा मिनिटं उशिरा बाहेर पडायचे. चारशे माणसांची रोजची बारा मिनिटं. रात्री काटा पुन्हा जागेवर यायचा. युनियनवाल्यांनी एकदा छोट्या गाडीच्या शिट्टीशी भोंगा ताडून पाहिला आणि बिंग फुटलं. साहेबानं गाजावाजा नको म्हणून मुकाट्यानं चूक दुरुस्त केली. "काटा मागं करणारा हात माझाच होता, हणमंतराव," बाबू म्हणाले. "नोकरी होती. तुमचं नाव पुढं आलं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. म्हणून कागद शिपायाच्या हाती न पाठवता मी आलो."

आण्णा म्हणाले, "पोरंबाळं असली की हात बांधलेले असत्यात, बाबू. चहा घ्या."

बाबू चहा घेऊन गेले आणि आईनं डोळ्याला पदर लावला. मग पदर काढला आणि तिचं डोकं भराभर चालायला लागलं. "वच्छे, वाण्याकडनं साखर आण. गल्लीत वाटायची. आन् तुम्ही हो, कापडं घाला. पहिल्यांदा निवरत्तीच्या दारात जायाचं. त्याच्या म्होरं कागद वाचून दाखवायचा. चारशे माणसांत बोलला हुता न्हवं?"

"नको," आण्णा म्हणाले.

"नको? का म्हणून नको?"

"भोंगा परत मिळाला. बास झालं."

"दीड वरीस राख खाल्ली तुम्ही. पोरीची दोन स्थळं गेली. आन् वर लग्नाआधी तुम्हीच त्याला सांगितलं न्हवतं का, नवऱ्यामुलाच्या गावाला जाऊन एकदा बघून ये, दोन दिवस सुट्टी काढ, मी बी येतो म्हणून? त्यानं ऐकलं का?"

आण्णांचा चेहरा बदलला. "ते परत काढायचं न्हाई. सांगून ठेवतो." त्यांनी कागदाची घडी घातली, देवाच्या फळीवर ठेवली आणि पाणी तापवायला सांगून न्हाणीत गेले. अंघोळ जरा जास्तच वेळ चालली. भुवया धूत असावेत.

मला इतका संताप आला होता की चिंचा फोडायचा दगड हातात घट्ट धरून मी बसले होते. या माणसाला स्वतःच्या नावाची चाड नसेल, पण माझ्या नावाचं काय, असं माझ्या मनात आलं. आई चुलीकडे वळली तशी मी उठले, फळीवरचा कागद काढून परकराच्या ओच्यात घेतला आणि बाहेर पडले. साखर आणायला चालले असं आईला वाटलं असेल.

तात्यांच्या घराचा उंबरा मी दीड वर्षानं ओलांडला. तात्या भिंतीला टेकून बसले होते आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी आत आलेली बघून त्यांचा हात थांबला. मी त्यांना थकलेल्या अवस्थेत कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते म्हातारे दिसले. वय तेव्हा पन्नासही नव्हतं.

"काय गं?" ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले.

"कागद आणलाय," मी म्हणाले. "गिरणीचा. ऐका तुम्ही."

एवढ्यात आतून शेवंता आली. मी कागद उलगडायला लागले. तिनं पुढे होऊन तो माझ्या हातातून घेतला. ती सातवीपर्यंत शिकलेली, माझ्याहून चांगलं वाचायची. ती उभ्या उभ्या मनातल्या मनात वाचायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझी मैत्रीण मला परत मिळणार, आता ती वर बघेल आणि मला मिठी मारेल, असं मला वाटत होतं. तिनं वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. तिनं तिच्या वडलांकडे बघितलं.

"काय हाय त्यात?" तात्या म्हणाले. "वाच की मोठ्यानं."

शेवंता वाचेना.

"वाच म्हणतो ना."

तेवढ्यात दारात सावली पडली. आण्णा उभे होते. ओले केस, अंगात नुसती बंडी, पायात काही नाही. धावत आले असणार. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते. दोघा माणसांनी एकमेकांकडे दीड वर्षानं पाहिलं.

"ही काय कागद घेऊन आलीय?" तात्यांनी विचारलं. ते आण्णांशी बोलत होते, पण बघत होते उंबऱ्याकडे.

आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शेवंताकडे. मग म्हणाले, "काय न्हाई, निवरत्ती. मला भोंग्यावर परत घेतलंय. साहेबानं माफ केलं."

मी तोंड उघडलं. आण्णांनी हात किंचित वर केला आणि मी गप्प झाले. आज विचारलं तर सांगता येणार नाही का गप्प झाले, पण झाले.

"माफ केलं?" तात्या म्हणाले.

"व्हय. दीड वरीस राख उपसली. साहेब म्हणाला, झाली चूक, आता पुरं." आण्णांनी केसांतलं पाणी हातानं निपटलं. "तुझ्याबी कानावर घालावं म्हटलं. पोरगी घाईनं पुढं आली."

कातरलेल्या सुपारीचे तुकडे तात्यांनी एकेक करून डबीत भरले. शेवंता कागद हातात धरून भिंतीसारखी उभी होती. त्या कागदात काय लिहिलंय ते तिथल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं, आणि तिघंही गप्प होतो.

मग तात्या म्हणाले, "साहेबानं माफ केलं, तर मी कोण लागून गेलो?" त्यांनी डबी बाजूला सारली. "ये की आत. भाईर का उभा हायस? शेवंते, च्या टाक."

आण्णा उंबरा ओलांडून आत आले आणि भिंतीला टेकून तात्यांच्या शेजारी बसले. तात्यांनी तंबाखूची पिशवी पुढे केली. आण्णांनी चिमूट घेतली. मी सांगते, माझ्या वडलांनी आयुष्यात कुणापुढे खाली मान घातलेली मी पाहिली नव्हती, आणि तिथं ते न केलेल्या चुकीची माफी मिळाल्याचं समाधान तोंडावर घेऊन बसले होते. ते ढोंग नव्हतं. खरोखरच त्यांना बरं वाटत होतं, हेच मला कळत नव्हतं.

शेवंतानं चहा आणला. तिनं आधी आण्णांपुढे कप ठेवला, मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तात्यांना वाटलं असेल, पोरीनंही माफ केलं. माझ्याजवळून जाताना तिनं कागदाची घडी माझ्या हातात कोंबली आणि माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

परत येताना मी रस्त्यात आण्णांना गाठलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खोटं का बोललात? निर्दोष लिहिलंय त्यात. सर्वस्वी. बाबूंनी दोनदा वाचलं."

"वाचलं की. माझ्या ध्यानात हाय."

"मग?"

आण्णा चालता चालता थांबले. रस्त्यात कुणी नव्हतं, ऊन चढलं होतं आणि त्यांच्या पायात चप्पल नव्हती, म्हणून ते एका पडवीच्या सावलीत सरकले. "वच्छे, मी भोंगा येळेवर दिला, माझी चूक न्हाई, हे तिथं वाचून दाखवलं असतंस. मग त्या पोरीचा संसार बुडवला कुणी? घड्याळानं? तिथं एकच माणूस उरतो. मी सांगितलं हुतं, जाऊन बघून ये. त्यो गेला न्हाई. हे त्याला ठावं हाय. रोज ठावं असतंय. माझ्यावर टाकलं म्हणून त्याला दोन घास जात्यात. ते माझ्याकडंच राहू दे की. मला जड न्हाई."

"आणि आमचं काय? माझं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुझं राहिलंच," ते म्हणाले. "तुझा बाप चुकला तिथं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठी झाल्यापासून त्यांनी तसा हात ठेवला नव्हता. माझा राग त्या हातानं गेला असं म्हणणार नाही. आणि कागदही मी त्यांना परत दिला नाही. माझ्या पेटीत ठेवला, तो आजतागायत आहे.

दुसऱ्या दिवशी सहाचा भोंगा आण्णांनी दिला. मी जागीच होते. दीड वर्षानंतरही ओढण्यातला हात ओळखू आला. आण्णा शेवटी साखळी एकदम सोडायचे नाहीत, आवाज हळूहळू उतरवायचे. आई अंथरुणात उठून बसली आणि हात जोडून बसून राहिली. गिरणीतलं काही झाकून राहत नाही, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत घड्याळाची गोष्ट गावात झालीच. बायकांनी नळावर माझी घागर पुढे घेतली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मुहूर्त अकरा वाजून चाळीस मिनिटांचा होता, आणि गुरुजींनी त्या खेपेला स्टेशनमास्तरांचं घड्याळ मागवून घेतलं होतं. आण्णा आणि तात्यांचं तंबाखू खाणं आण्णा गेले त्या दिवसापर्यंत एकाच पिशवीतून चाललं. घड्याळाचा विषय त्यांच्यात कधी निघाला नाही. तात्यांना कळलंच नाही की कळून ते गप्प राहिले, हे मला कितीतरी वर्षं कोडं होतं.

ते मला गेल्या साली सुटलं. गावी गेले होते तेव्हा शेवंताकडे उतरले. तिनं आयुष्य बालवाडीत शिकवण्यात घालवलं, पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण धुराडं अजून उभं आहे आणि तिच्या अंगणातून दिसतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथं चहा घेत बसलो होतो. मी सहज विचारलं, "शेवंते, तात्यांना त्या कागदातलं कधी कळलं का गं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "कधी म्हणजे? त्याच रात्री. मीच सांगितलं. माझ्याच्यानं राहवलं न्हाई."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार. कितीतरी येळ बसून राहिले. मग म्हणाले, मला कळलंय हे हणमंताला कळू दिऊ नको. त्याला बरं वाटतंय, वाटू दे."

मी कप खाली ठेवला. दोघांनी एकमेकांसाठी तेच केलं होतं, चार घरांच्या अंतरावर राहून, वीस वर्षं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," शेवंता म्हणाली. वडलांना ती दादा म्हणायची. "सहाचा भोंगा झाला. दादा अंगणात गेले. मी दारातनं बघत हुते. धुराड्याकडं तोंड करून टोपी काढली आन् भोंगा थांबस्तवर तसेच उभे. मग टोपी घालून आत आले. तवापासनं रोज. हणमंतकाका रिटायर झाले तरी, दुसरा कुणी भोंगा द्यायला लागला तरी. थंडी असो, पाऊस असो."

"आणि गिरणी बंद पडल्यावर?"

"तरीबी जायचे. काका जाऊन सुद्धा दोन वर्सं झाली हुती तवा. शेवटी शेवटी दादांना काळ-येळेचं भान राहिलं न्हवतं. हातात टोपी घेऊन वाट बघत उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, दादा, आत चला, आता कुठला भोंगा. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, थांब की जरा. वाजंल. हणमंतानं कधी उशीर केला न्हाई."